सूज ॲलर्जीची नसेल तर?

समजा, एकीचा ओठ अचानक सुजतो. पुढच्या महिन्यात हाताचा पंजा फुगतो. कधी पोटात अशी कळ येते की ती गडाबडा लोळते. दोन-चार दिवसांत सगळं आपोआप उतरतं. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं असेल. दवाखान्यात ॲलर्जीचं इंजेक्शन देतात, पण गुण येत नाही. आणि आठवून पाहिलं तर तिच्या आईलाही असंच व्हायचं.

अशा वेळी एका दुर्मीळ आजाराची शंका घ्यायला हवी. त्याचं नाव हेरिडिटरी अँजिओएडिमा, म्हणजे आनुवंशिक सूज. साधारण ५०,००० माणसांत एकाला तो असतो. आपल्या रक्तात सी-वन इनहिबिटर नावाचं एक प्रथिन असतं. ते कमी पडलं किंवा नीट काम करेनासं झालं, की रक्तवाहिन्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि सूज येते. या सुजेला खाज नसते, अंगावर गांधीही उठत नाहीत. ही ॲलर्जी नाहीच, म्हणून ॲलर्जीची औषधं लागू पडत नाहीत. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

आपण बायकांनी जास्त जपायला हवं. पाळीत, गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे त्रास वाढू शकतो. दात काढल्यावर किंवा मनावर ताण आल्यावरही सूज येते. रक्तदाबाच्या एनॅलाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खरा धोका घशाच्या सुजेचा. आवाज बसला, गिळता येईना, श्वास अडकू लागला, तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा, मोठं रुग्णालय गाठा.

मग औषध आहे का? आहे. सी-वन इनहिबिटरचं इंजेक्शन आणि इकॅटिबंट ही नेमकी औषधं. अनेक देशांत रुग्ण ती घरी ठेवतात आणि स्वतः टोचून घेतात. पण ती फार महाग, आपल्या तालुक्याला कुठून मिळणार? म्हणून अडचणीच्या वेळी रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा देतात, त्यात ते प्रथिन असतं. सूज वारंवार येऊ नये म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किंवा डॅनाझॉलच्या गोळ्या देतात. मात्र डॅनाझॉल गरोदरपणात चालत नाही. त्याने पाळी बिघडते, चेहऱ्यावर केस येऊ शकतात. हे आधी विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणलं. त्यातलं एक केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. मदत यादीतल्या आजारांना मिळते, म्हणून आपल्या आजाराबद्दल तिथेच विचारा.

पण कागदावर आजाराचं नावच नसेल, तर मदत मागायची कशाची? म्हणून आधी निदान. सी-फोर आणि सी-वन इनहिबिटर या रक्ताच्या तपासण्या डॉक्टरांकडे मागा. निदान झालं की आजाराचं नाव लिहिलेली चिठ्ठी कायम पर्समध्ये ठेवा. आणि लेकरांची, भावंडांची तपासणी करून घ्या. आई जे वर्षानुवर्षं निमूट सोसत आली, ते लेकीने सोसायला नको.