मनगटावरचा आकडा

‘माझे एकशे तीस. तुमचे किती?’ पहाटे टेकडीवर फिरायला येणाऱ्यांत हा प्रश्न हल्ली सर्रास ऐकू येतो. आकडा हृदयाच्या ठोक्यांचा, आणि सांगणारे मनगटावरचे घड्याळ. त्यावर कितपत विसंबावे? मी वैद्यकाचा पदवीधर नाही. मिळतील ते शोधनिबंध वाचत आणि स्वतःवर पडताळून पाहत गेलो, त्यातून हाती आले ते मांडतो.

नाडी पाहताना वैद्य बोटे ठेवतात ती अंगठ्याच्या बाजूच्या धमनीवर. घड्याळ बसते मनगटाच्या वरच्या अंगाला. तिथे ठळक नाडी लागत नाही. घड्याळ वाचते ते त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. त्यांवर ते हिरवा प्रकाश टाकते. रक्त तो शोषते. ठोक्यासरशी रक्त वाढले की परतणारा प्रकाश किंचित घटतो. ही घट मोजून ठोके काढले जातात. म्हणजे घड्याळ हृदय ऐकत नाही, प्रकाशावरून अनुमान बांधते. छातीला बांधायचा पट्टा मात्र हृदयाचे विद्युत्-संकेतच टिपतो.

स्वस्थ बसल्यावर हे अनुमान सहसा जुळते. हात हलू लागला की घड्याळ सरकते, खालचे रक्तही हिंदकळते, आणि प्रकाशातला हा बदल ठोक्याच्या बदलाला झाकून टाकतो. हालचाल ओळखून ती वजा करण्याची सोय घड्याळात असते. तरीही धावताना मिनिटाला १६० पावले पडत असतील, तर कधी पावलांचाच आकडा ठोक्यांचा म्हणून झळकतो. थंडीने त्वचेतले रक्त आटले, पट्टा सैल राहिला किंवा मनगटावर गोंदण असले, तरी गफलत होते. मी पर्वतीच्या पायऱ्यांवर दोन्ही साधने लावून पाहिली: छातीचा पट्टा चढलेले ठोके दाखवी, तेव्हा घड्याळाचा आकडा पुष्कळदा पायथ्याशीच रेंगाळलेला असे.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने ५० निरोगी व्यक्तींना ट्रेडमिलवर चालवून-पळवून ईसीजीशी तुलना केली. पूर्ण मेळ म्हणजे १ धरला, तर छातीचा पट्टा ०.९९ वर होता; चार मनगटी उपकरणे ०.८३ ते ०.९१ यांच्या दरम्यान. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० जणांवर सात उपकरणे तपासली. सहांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण खर्च झालेल्या कॅलरींच्या हिशेबात सर्वांत बरे उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले. सावळ्या त्वचेवर हा प्रकाश चालतो का, ही शंका आपल्याला पडणारच. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात त्वचेच्या रंगामुळे लक्षणीय फरक आढळला नाही. हालचालीत मात्र चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी वाढली.

पाच-दहा ठोके इकडेतिकडे झाल्याने तरुण धावपटूचे फारसे बिघडत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांचे तसे नाही. आकडा बरोबर असला, तरी धमनीतला अडथळा त्यात दिसत नाही. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके तर औषधानेच आवरलेले असतात. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्टसर बांधावे. आकड्याची शंका आली तर थांबून बोटांनी १५ सेकंद नाडी मोजावी आणि चौपट करावी. आणि छातीत दडपण आले, हात किंवा जबडा दुखू लागला, तर आकडा काहीही असो, चालणे थांबवून तडक रुग्णालय गाठावे.