वेळेची वही कोणाच्या हाती?

कामगाराच्या येण्याजाण्याची वेळ नोंदविणारे यंत्र अमेरिकेतील ऑबर्न या गावी विलर्ड बंडी नामक जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास सिद्ध केले. पुढे १९११ साली फ्रेडरिक टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली आणि कामगाराच्या हालचालीसुद्धा घड्याळ लावून मोजण्यास प्रतिष्ठा लाभली. हे घड्याळ मालकाच्या हाती होते. आज भाषांतर, मुद्रितशोधन किंवा संकल्पचित्रांची कामे घरी बसून करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला ते आपल्या हाती घेता येते. म्हणूनच वेळनोंदीचे सॉफ्टवेअर निवडताना, ही नोंद कोणासाठी, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

नोंदीची गरज निर्विवाद आहे. समजा, वीस तास लागतील अशा अंदाजाने कोणी बारा हजार रुपयांस भाषांतर स्वीकारले. पत्रव्यवहार आणि वारंवारच्या दुरुस्त्या धरून प्रत्यक्षात बत्तीस तास गेले, तर तासाचे सहाशे रुपये पावणेचारशेवर येतात. नोंद नसेल तर ही तूट ध्यानातही येत नाही आणि पुढचे कामही त्याच भावाने घेतले जाते.

साधने अनेक आहेत. टॉगलमध्ये कळ दाबताच कामाचे घड्याळ सुरू होते. एकट्या व्यावसायिकाला एवढे बहुधा पुरते. हार्वेस्टमध्ये नोंदलेल्या तासांवरून बिल तयार करता येते. चारपाच जणांच्या संस्थेला ते सोयीचे. किमाई मुक्त-स्रोत असल्याने स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. मात्र त्याची देखभालही स्वतःच करावी लागते.

तथापि काही व्यवस्था वेळेबरोबर माणसावरही नजर ठेवतात. अपवर्कवरील तासाच्या करारात काम करणाऱ्याच्या पडद्याची छायाचित्रे ठराविक अवधीत घेतली जातात. अनोळखी, दूरदेशीच्या ग्राहकाला पुरावा हवा असतो आणि त्या नोंदीमुळे मोबदल्यालाही काही संरक्षण मिळते, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेजारी बसणाऱ्या चार सहकाऱ्यांवर छोट्या संस्थेने तोच पहारा बसविणे सर्वस्वी निराळे. योग्य शब्दासाठी भाषांतरकार दहा मिनिटे विचार करतो, तेव्हा कळफलक स्तब्ध असतो. यंत्र त्याला आळस म्हणेल. वस्तुतः तेच त्याचे काम होय.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी साधन पंधरा दिवस वापरून पाहावे. विसरलेली नोंद मागाहून करता येते काय? साधन सोडताना सर्व नोंदी तक्त्याच्या स्वरूपात बरोबर नेता येतात काय? कोणाची नोंद कोण पाहणार, हे संस्थेने आधीच लेखी ठरविले आहे काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर साधी रेघांची वही अधिक विश्वासाची ठरेल. आपल्या श्रमाचा हिशेब आपल्याला कळावा, यासाठीच ही नोंद आहे. हा हेतू सुटला, तर सॉफ्टवेअर कितीही प्रगत असो, बंडीच्या यंत्रापुढे रांगेत उभ्या असलेल्या कामगाराहून आपली स्थिती फारशी निराळी राहणार नाही.