गावाची जैवविविधता नोंदवही आणि महाविद्यालयातील जीवशास्त्र

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील शेजारी तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडील सपाटीपर्यंत पसरलेले आहेत. पश्चिमेस भरपूर पावसाचे डोंगर, आहुप्यासारखी देवराई व हिरड्याची झाडे. पूर्वेस कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि त्या उसात आसरा घेणारा बिबट्या. इतक्या थोड्या अंतरात आढळणारी ही विविधता स्थानिकांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. मात्र हे ज्ञान बहुतांशी तोंडी आहे. जाणती माणसे गेली की त्यांच्याबरोबर तेही जाते.

या ज्ञानाची नोंद व्हावी, अशी तरतूद कायद्यात आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे, हे या समितीचे प्रमुख काम होय. राज्यात या कामास दिशा देण्यासाठी २०१२ साली नागपूर येथे महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ स्थापन झाले.

शास्त्रज्ञ आणि ग्रामस्थ यांच्या सहकार्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोकांनी श्रद्धेने राखलेले रान हा वनस्पतिशास्त्राचाही मोलाचा ठेवा आहे, ही गोष्ट अशा अभ्यासांमुळे विद्वानांच्या ध्यानी आली.

नोंदवहीच्या कामात जुन्नर, मंचर येथील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांचे साहाय्य मोलाचे ठरू शकेल. एकाच झाडास दोन गावांत दोन नावे असतात, तर कधी एकच नाव दोन झाडांना लावले जाते. अशा वेळी नमुना पाहून शास्त्रीय नाव निश्चित करणे हे प्राध्यापक व विद्यार्थ्यांचे काम. झाड कोठे आहे, केव्हा फुलते, कोण वापरते आणि पूर्वीपेक्षा वाढले की घटले, हे सांगणे ग्रामस्थांचे काम. शेकरूची घरटी, भाताचे जुने वाण, ओढ्यातील मासे, बिबट्या दिसल्याची तारीख व ठिकाण, या सर्वांस नोंदवहीत स्थान असावे.

अशा नोंदींचे महत्त्व हिरड्याच्या उदाहरणावरून पटते. कोवळी फळे वाळवून होणारा बाळहिरडा हे येथील आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे एक प्रमुख साधन आहे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे मोठे नुकसान झाले. शेतातील पिकाची नोंद सात-बारावर असते. रानातील झाडापासून मिळणाऱ्या उत्पन्नाची तशी नोंद सहसा नसते. नोंदवही हा मालकीहक्काचा पुरावा नव्हे. तथापि, कोणत्या रानात किती झाडे आहेत व किती कुटुंबे त्यांवर अवलंबून आहेत, याची वर्षानुवर्षांची नोंद असल्यास नुकसानीचा अंदाज घेणे सुलभ होईल.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. वैदूचे औषधज्ञान त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये. दुर्मीळ वनस्पतींची नेमकी ठिकाणेही उघड करू नयेत. अन्यथा रक्षणासाठी केलेली नोंद लुटीस साह्यभूत होईल.

नोंदवही कपाटात बंद राहिल्यास तिचा हेतू सफल होणार नाही. महाविद्यालयाच्या विभागाने तिच्यातील निवडक माहिती सोप्या मराठीत छोट्या पत्रिकेच्या रूपाने गावास परत द्यावी. शिक्षकांनी ती वर्गात वाचावी आणि ग्रामसभेत तिच्यातील चुका दुरुस्त व्हाव्यात. ज्या गावाने माहिती दिली, त्या गावास ती वाचता आली, तरच पुढील वर्षीची नोंद अधिक अचूक होईल.