एका पत्त्याचे दोन धनी

अंबड तालुक्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर आहे. मुलांचे धडे आणि चाचण्या त्यावरच असतात. वीज जाऊन परत आली, की कधी कधी विचित्र प्रकार घडे. दोन संगणकांवर धडे उघडत, शेजारच्या तिसऱ्यावर मात्र नाही. वायर बदलून झाली, स्विच बदलून झाला. शेवटी नवा सर्व्हर घेण्याचे ठरत होते. त्या सुमारास मी तेथे गेलो. दोष सर्व्हरमध्ये नव्हताच.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. तो ३२ बिटांचा असतो आणि ० ते २५५ यांपैकी चार आकड्यांनी लिहितात. सर्व्हरला १९२.१६८.१.२० हा पत्ता हाताने लिहून कायमचा दिला होता. हा स्थिर पत्ता. इतर संगणकांना व मोबाइलना राउटर ठरावीक मुदतीसाठी पत्ते वाटतो. हे बदलते पत्ते. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. वाटपासाठी राउटरकडे शेवटचा आकडा २ ते २५४ असे सगळेच पत्ते होते. २० त्यांतलाच!

मग एरवी गोंधळ का होत नसे? पुष्कळ राउटर पत्ता देण्याआधी तेथे कुणी आहे का, अशी हाक मारून पाहतात. सर्व्हर चालू असला, की ओ देतो आणि २० वगळला जातो. वीज आल्यावर मात्र राउटर आधी जागा होतो, सर्व्हरला वेळ लागतो. तेवढ्यात एखादा मोबाइल २० घेऊन बसतो. मागून सर्व्हरही तोच पत्ता लावतो. हाताने दिलेला पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे का, हे लिनक्सचा गाभा आपणहून तपासत नाही.

आता प्रत्येक संगणक जाळ्यात पुकारा करतो, ‘२० कोण?’ उत्तर देणाऱ्याचा ४८ बिटांचा यंत्रपत्ता तो काही काळ लक्षात ठेवतो. १९८२ साली मांडलेली ही एआरपी पद्धत. येथे उत्तर देणारे दोघे. म्हणून कुणाकडे सर्व्हरची नोंद होते, कुणाकडे मोबाइलची.

खात्री करणे सोपे आहे. सर्व्हरची वायर काढा आणि दुसऱ्या लिनक्स संगणकावरून त्याच पत्त्याला ‘पिंग’ करा. उत्तर आले, तर तोतया सापडला. उत्तर नाही आले, तरी ‘आयपी नेबर’ ही आज्ञा देऊन २० समोरचा यंत्रपत्ता पाहा. तो सर्व्हरच्या यंत्रपत्त्याहून वेगळा असेल, तर पत्त्याला दोन धनी आहेत.

उपाय बिनखर्चाचा. राउटरला १०० ते २०० एवढेच पत्ते वाटायला सांगितले, सर्व उपकरणे एकदा बंद करून चालू केली आणि स्थिर पत्त्यांची यादी भिंतीवर लावली. नव्या सर्व्हरचा विषय तेथेच संपला.

वर्गात दोन मुलांना एकच हजेरी क्रमांक देऊन हजेरी घ्या. मुलांना हे सारे न सांगता कळेल.