पाण्याच्या उगमाकडे

लहानपणी आमच्या बेलापुरात सर्वांत मोठी बातमी एकच असे : ‘भंडारदऱ्याचं पाणी सुटलं!’ तिच्यापुढे निवडणुकीचा निकालही फिका पडे. पाटकऱ्याची सायकल दिसली की सात नंबरच्या अर्जांची धावपळ सुरू होई आणि घरोघरची बाप्ये माणसे कंदील घेऊन रात्री-अपरात्री चारीवर दारे धरायला जात. भंडारदरा हे एक गाव आहे, तिथेही माणसे राहतात, हे आम्हां पोरांच्या गावीही नव्हते. आमच्या लेखी ती एक प्रचंड तोटी होती. कुणीतरी ती पिरगाळायची आणि आमचा ऊस भिजायचा.

पुढे मी बँकेत लागलो. पीककर्जाच्या प्रकरणात ‘पाण्याचे साधन’ या रकान्यात ‘प्रवरा डावा कालवा’ असे लिहिलेले दिसले की माझे पेन अडखळत नसे. त्या पाण्याच्या भरवशावर मी किती सह्या केल्या असतील, याची गणती नाही. ते पाणी येते कुठून, हे पाहायला मात्र निवृत्तीनंतरचा आश्विन उजाडावा लागला.

संगमनेर, अकोले, राजूर मागे टाकून आम्ही दोघे शेंडीला पोहोचलो. समोर धरणाची दगडी भिंत, पलीकडे डोंगरांच्या कुशीत काठोकाठ भरलेला जलाशय. काम सुरू झाले १९१० साली आणि पुरे झाले १९२६ मध्ये. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. भिंत सुमारे ८२ मीटर उंच, साठा सुमारे ११ टीएमसी. इथून सुटलेले पाणी नदीपात्राने ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथे डाव्या-उजव्या कालव्यांत वाटले जाते. दुष्काळी मुलखासाठी आणलेल्या या पाण्यावर हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना चालला. १९५० साली लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. आमची घरे, शाळा, लग्ने, सारे त्यातूनच आले.

जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराचे कोरीव देऊळ, शेजारची पुष्करणी आणि डोक्यावर रतनगड. आमची प्रवरा याच डोंगरात जन्मते. जवळच्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. बेलापुरात आम्ही ढगांकडे डोळे लावून बसतो तेव्हा इथे दिवसदिवस सूर्य दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा पाऊस सरला होता आणि खाचरांतला भात पिवळा पडला होता.

त्या दिवशी वसुबारस होती. आमच्याकडे संध्याकाळी गाय-वासराची पूजा होते. इथल्या महादेव कोळ्यांच्या वाडीत त्याच तिथीला वाघबारस असते. रानाच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबा. त्याच्यापुढे गुराखी पोरांनी चुलवण मांडून दूध-तांदळाची खीर शिजवली. एक पोरगा वाघ झाला. बाकीच्यांनी त्याला दटावले, ‘आमच्या रानात येशील का?’ वाघ ‘न्हाई, न्हाई’ म्हणत पळाला आणि पोरे ओरडत त्याच्या मागे. आम्ही गाईला पुजतो; हे लोक गाय खाणाऱ्यालाही नैवेद्य दाखवतात आणि वर त्याच्याकडून वचन घेतात! मला तो व्यवहार फार शहाणपणाचा वाटला.

खीर खाताना एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, “कोणतं गाव, साहेब?”

“बेलापूर. प्रवरेच्या काठचं.”

“मंजी आमच्या पाण्याखालचंच की!” ते हसले. मग जलाशयाकडे हात करून म्हणाले, “आमच्या आज्याचं भात त्या तिथं व्हतं. आता पाणी हाय. पाणी तुमच्याकडं जातं आन् दिवाळी झाली का त्याच्या मागनं आमची पोरं जात्यात, मजुरीला.”

त्यांची सून म्हणाली, “चैत्रात या, आजोबा. पाणी पार खाली गेलेलं असतं. हंडा घेऊन उतरायचं आन् भरून चढायचं.”

मला एक जुनी फाइल आठवली. मी प्रादेशिक कार्यालयात होतो. जलाशयाच्या काठच्या एका शेतकऱ्याने इंजिनासाठी कर्ज मागितले होते. पाणी उचलण्याचा परवाना जोडलेला नव्हता. मी शेरा मारला : ‘पाण्याचे खात्रीशीर साधन नाही. नामंजूर.’ नियमाने ते बरोबरच होते. पण ११ टीएमसी पाण्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाला मी हे लिहिले होते आणि त्याच पाण्याच्या जोरावर शंभर-सव्वाशे किलोमीटर खालच्या बागायतदाराला त्याच आठवड्यात मंजुरी दिली होती. तो अर्जदार कोण, कोणत्या वाडीतला, हे मला आता आठवत नाही. बाबांना मी हे सांगू शकलो नाही.

धरण नसते तर मी शिकलोच नसतो, हे मी विसरत नाही. तळ्याकाठी तंबू टाकून काजवे पाहणाऱ्यांवरही माझा राग नाही. त्यातून वाडीत चार पैसे येतात. पण आवर्तनांचा हिशेब मांडताना पहिली ओळ काठावरच्या वाड्यांची असावी : आधी त्यांच्या पिण्याचे, मग भातानंतरच्या एखाद्या पिकापुरते पाणी. आमच्या उसाला त्यामुळे तहान लागेल असे मला, एका बेलापूरकराला, वाटत नाही.

निघताना बाबांनी काळभाताच्या तांदळाची लहानशी पिशवी हातात ठेवली. मी खिशात हात घातला, तर त्यांनी मनगट धरले.

“राहू द्या, साहेब. पाण्याचं पैसं आमी कधी घेतलं न्हाई. तांदळाचं काय घेयाचं?”

तो तांदूळ अजून डब्यात आहे. चैत्रात पुन्हा जाणार आहे, पाणी खाली गेल्यावर.