हवेचा हिशोब

पहाटे ४:५०
मालदीव. वावू अटोलच्या पूर्व कडेला, प्रवाळाच्या आतल्या शांत पाण्यात दोन बोटी उभ्या आहेत. मोठी सफारी बोट स्कूबा डाइव्हिंगला आलेल्या पाहुण्यांची. खाली केबिन, वर जेवणाची खोली, त्याच्यावर गच्ची. थोड्या अंतरावर तिची छोटी जोडबोट, धोणी. सात दिवस ती मोठ्या बोटीच्या मागे मागे फिरते. पाहुणे तिच्यावरून पाण्यात उतरतात आणि तिच्यावरच परत चढतात, पण रात्री तिथे कुणी पाहुणा नसतो. तिथे तेवीस सिलिंडर असतात, दोन कॉम्प्रेसर असतात, आणि कॉम्प्रेसरशेजारी चटई टाकून झोपलेला तो असतो.

कॅप्टनला विचारून मी रबरी डिंगीतून पलीकडे आले आहे. तो उठलेला आहे. चटई गुंडाळून फळीमागे खोचतो. वय चाळिशीचं. गाव बांगलादेशातलं चांदपूर. मेघना नदीवरच्या लाँचच्या इंजिनावर हात काळे करून शिकला. मालदीवमध्ये सात वर्षं झाली. हिंदी सिनेमांनी शिकवली. आम्ही त्यातच बोलतो. तो मला दीदी म्हणतो, मी त्याला भाई.

५:२०
नमाज झाली. आता सिलिंडर. दोन्ही बाजूंच्या बाकांमागे रांगेत उभे, प्रत्येकाला रबरी पट्टा. पाहुण्याची जागा आठवडाभर ठरलेली. माझी चौदा नंबर.

छोटं दाबमापक घेऊन तो एकेकाचा दाब बघतो. दोनशे. दोनशे. एकशे पंचाण्णव बार. भरताना हवा दाबली जाते तसा सिलिंडर तापतो, रात्रीतून निवतो आणि काटा खाली येतो. म्हणून तो रात्री दोनशे दहापर्यंत भरून ठेवतो.

नऊ नंबरचा काटा एकशे सत्तरवर आहे. तो कान लावतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी अगदी बारीक फुस्स. तोंडातली काळी रबरी रिंग चिरली आहे. खिशातून पितळी हूक काढून जुनी उचकटतो, नवी बसवतो, बोटाने दाबून बघतो. अशा पन्नास रिंगा एका पुडीत येतात. एकीची किंमत काही पैसे. ही रिंग पाण्याखाली फाटली तर काही मिनिटांत सिलिंडर रिकामा होतो. मग तो नऊ नंबरला पुन्हा नळी जोडतो आणि उणे तीस भरून काढतो.

५:५५
पाहुणे कॉफी पिऊन येतात. आधी नायट्रॉक्सची तपासणी. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, ह्यात ३२. नायट्रोजन कमी, म्हणून तेवढ्याच खोलीवर जास्त वेळ राहता येतं. मात्र चौतीस मीटरच्या खाली हाच ऑक्सिजन घातक ठरू शकतो. मालदीवचा कायदा पर्यटकाला तीस मीटरच्या पुढे जाऊ देत नाही.

प्रत्येकाने आपला सिलिंडर स्वतः मोजायचा, असा नियम आहे. व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, मीटर धरायचा, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, वहीत लिहून सही करायची. तो शेजारी उभा राहतो. माझा आकडा ३१.८. तो मान हलवतो. माझ्या बिलात ह्या वायूचे आठवड्याचे शंभर डॉलर वेगळे लागले आहेत.

६:३०
जागा मियारू कंडू. कंडू म्हणजे अटोलच्या कड्यातली खिंड. भरती-ओहोटीचं आणि मोसमी प्रवाहाचं पाणी इथूनच आत-बाहेर करतं. फेब्रुवारीत ईशान्येचा वारा असतो. स्वच्छ पाणी पूर्वेकडून आत घुसतं आणि खिंडीच्या तोंडाशी शार्क येऊन थांबतात. २०१० साली मालदीवने शार्कची मासेमारी बंद केली. तेव्हापासून इथला जिवंत शार्क हाच धंदा आहे.

गाइड आधी एकटा उडी मारतो, प्रवाह बघतो, अंगठा वर करतो. मग आम्ही. उडी मारण्याआधी भाई प्रत्येकाच्या मानेमागे हात घालतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना ते चाचपतो. वीस पाहुणे, तीन गाइड. तेवीस वेळा हात जातो. एकही सोडत नाही.

खाली तीस मीटरवर खडकाची कड आहे. कडेला हाताने धरून राहायचं. समोर निळ्यात करडे रीफ शार्क प्रवाहाला तोंड करून स्थिर. मी मोजत नाही, बघत राहते. ह्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. एका श्वासाला वर लागते त्याच्या चौपट हवा जाते. माझा काटा झरझर उतरतो.

७:३५
प्रवाह आम्हाला आत वाहून नेतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. गाइड केशरी फुगा वर सोडतो, धोणी फुग्याच्या दिशेने वळते. शिडीशी तो वाकून बसलेला असतो. आधी फिन मागून घेतो, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह पकडून वर ओढतो. रिकामा सिलिंडर चौदा किलोचा. वर शिशाची वजनं, जॅकेट, पाणी. माणूस सोडून पंचवीस किलो तरी. तेवीस वेळा.

मग तो बाकांवरून फिरतो आणि मीटर वाचतो. जर्मन नवरा-बायको: नव्वद, पंच्याण्णव. पुढचा तरुण: तीस. मी: चाळीस.

“दीदी, तुम्ही खाली घाबरला नाहीत. पण पाय फार मारलेत.”

तो खाली आला नव्हता. मी विचारते, कसं कळलं? तो म्हणतो, घाबरलेला माणूस लवकर वर येतो, त्याच्याकडे खूप उरतं. पाय मारणारा सगळ्यांबरोबर वर येतो आणि त्याच्याकडे कमी उरतं. तीसवाल्या तरुणाकडे तो बघत राहतो. मग गाइडच्या कानाशी जाऊन सांगतो की उद्या ह्याला कडेवर जास्त वेळ ठेवू नका.

८:१०
पाहुणे नाश्त्याला गेले. धोणी पुन्हा दूर. आता त्याचं खरं काम.

तो रेग्युलेटर काढतो, तोंड पुसतो, नळी जोडतो, स्क्रू आवळतो. बाकांखालून पाइप गेला आहे, त्यातून नळ्या निघतात. सिलिंडर जागेवरून हलत नाही. मग कॉम्प्रेसर. आवाज असा की आम्ही खुणांनी बोलतो.

हवा आत घेणारा पाइप तो वर, वाऱ्याच्या बाजूला बांधतो. हे तो दर वेळी नव्याने बघतो, कारण नांगरावर बोट फिरते. धोणीच्या डिझेलचा धूर त्या पाइपात गेला तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरात जाईल. त्याला वास नसतो. पाहुण्याला कळणार नाही, खाली चक्कर येईल. वारा बघायला त्याने काठीला प्लॅस्टिकची पट्टी बांधली आहे.

दर पंधरा मिनिटांनी तो एक कॉक उघडतो. सूंऽ करून पांढरं, तेलकट पाणी उडतं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी निघतं. ते काढलं नाही तर फिल्टर भिजतो. फिल्टर म्हणजे हाताएवढं नळकांडं, आत कोळशाची पूड आणि ओलावा शोषणारे दाणे. एका नळकांड्याला त्याच्या पगाराचा चौथा हिस्सा जातो, असं तो सांगतो. मालक कधी कधी म्हणतो, अजून थोडे तास चालव.

“चालवत नाही. तास मी लिहितो, मालक नाही लिहीत.”

एका सिलिंडरात साधारण दीडशे बार घालायचे. म्हणजे साडेसोळाशे लिटर हवा. तेवीस सिलिंडरांची अडतीस हजार लिटर. दीड तास लागतो. घाईने भरलं तर सिलिंडर फार तापतो. तो तळहात टेकवून बघतो. तळहात सहज टेकला पाहिजे.

१०:५०
दुसरी डाइव्ह. मी पाण्यात जात नाही, धोणीवर राहते. सगळे उतरल्यावर धोणी रिकामी वाटते. पण कुणी बसत नाही. कॅप्टन सुकाणूवर, दोन पोरं पुढे, तो मागे. चौघंही पाण्यावर बुडबुडे शोधतात. बुडबुड्यांच्या तीन जागा, म्हणजे तीन गट. एक गट मागे पडतो आहे. कॅप्टन दिवेहीत, मालदीवच्या भाषेत, काहीतरी बोलतो, तो हाताने दिशा दाखवतो.

बाकाखाली हिरव्या पेटीत शुद्ध ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर आहे. कुणी फार वेगाने वर आलं तर आधी तो द्यायचा, मग मालेजवळच्या बंडोस बेटावरचं डीकम्प्रेशन चेंबर गाठायचं. इथून स्पीडबोटीनेही लांब. पेटीवर धूळ नाही. तो रोज पुसतो.

१२:४०
दुसरी भरणी अर्धी झाली की तो जेवतो. भात, डाळ, टुनाचा रस्सा, कच्ची मिरची. टुना काल संध्याकाळी शेजारच्या मासेमारी बोटीकडून घेतलेला, गळाने पकडलेला.

पगार साडेतीनशे डॉलर ठरलेला आहे, हातात येतो मालदीवच्या रुफियात. बँकेचा भाव डॉलरला १५.४२. म्हणजे पाच हजार चारशे रुफिया. पण बँकेत त्याला डॉलर मिळत नाहीत. बाहेर अठरा रुफिया मोजावे लागतात. साडेतीनशेचे तीनशे होतात. पाठवणावळ वेगळी. फोनचं रिचार्ज वेगळं. मुलगी दहावीला आहे, तिची शिकवणी आहे. घराचा मागचा भाग मेघनेच्या काठाकडे खचतो आहे, तिथे विटा घालायच्या आहेत.

म्हणून शेवटच्या दिवसाच्या टिपेला महत्त्व आहे. ती डॉलरमध्ये येते. पाकीट बोटीच्या हॉलमध्ये ठेवतात, मग सगळ्या लोकांत वाटतात. कधी माणशी साठ, कधी शंभर. पाहुण्यांना मोठ्या बोटीवरची माणसं जास्त दिसतात, कॉफी देणारा, केबिन आवरणारा. त्यामुळे सगळ्यांचं पाकीट एकच असावं, हे धोणीवरच्यांनी भांडून मिळवलं आहे. हे सांगताना त्याचा आवाज थोडा वर चढतो.

१५:००
बोटी हलतात. प्रवासात तो झोपत नाही. बेल्टचा ताण बघतो, तेलाची पातळी बघतो, नट गंजू नयेत म्हणून ग्रीस लावतो. वेटसूट गोड्या पाण्यात बुचकळतो. गोडं पाणी मोठ्या बोटीवर समुद्राच्या पाण्यातून काढतात, म्हणून टबात मोजून. चार वाजता अर्धा तास तो आडवा होतो.

१८:१५
अलिमथा. रिसॉर्टच्या जेट्टीजवळ रात्रीची डाइव्ह. पूर्वी इथे मासळीचे तुकडे पाण्यात पडायचे, त्याने नर्स शार्क जमू लागले. आता तो आठवड्याचा ठरलेला कार्यक्रम आहे. भाई प्रत्येकाचा टॉर्च लावून-विझवून बघतो आणि सिलिंडरच्या मानेला छोटा चमकणारा दिवा बांधतो. दोन बॅटऱ्या उतरलेल्या निघतात. स्वतःच्या डब्यातल्या घालतो.

खाली दहा-बारा मीटरच. वाळूवर गुडघे टेकून बसायचं. अडीच मीटरचे शार्क खांद्याला घासून जातात, मोठे पाकट अंगावरून सरकतात. मी पाय अजिबात मारत नाही.

१९:२५
शिडीशी त्याचा हात. मीटर वाचतो. मी: नव्वद.

“आज सकाळी मी बोललो म्हणून?”

“हो, तुम्ही बोललात म्हणून.”

तीसवाला तरुण पासष्टवर आहे. त्याच्या खांद्यावर तो थाप मारतो. तरुण थँक यू म्हणतो. भाईने सकाळचा आकडा कुणाला सांगितला होता, हे तरुणाला माहीत नाही.

२०:००
मोठ्या बोटीवर जेवण आणि शार्कचे व्हिडिओ. धोणीवर तिसरी भरणी. पाइप वाऱ्याकडे, पट्टी बघितली, कॉक उघडला, तळहात टेकवला. हेच सकाळी बघितलं, दुपारीही बघितलं. तरी मी डोळा काढत नाही. इथे नजर चुकवायला जागा खूप आहे आणि विचारायला कुणी येत नाही. वीस अनोळखी माणसं उद्या पहाटे ही हवा तोंडात धरून तीस मीटर खाली जाणार आहेत. ती सुखरूप वर येतात ती ह्या माणसाच्या न चुकण्यामुळे. माझ्या सुट्टीतलं सगळ्यात मौल्यवान काम हे आहे, आणि ते मला बिलात कुठे दिसलं नाही. ह्या वेळी पाकिटात किती घालायचं, ते मी इथेच ठरवते.

२१:४०
कॉम्प्रेसर बंद. कानात आवाज राहतो. तो वही उघडतो, बंगालीत लिहितो. आज सिलिंडर अडुसष्ट. मशीन साडेचार तास. रिंग एक. बॅटऱ्या दोन. फिल्टरचे उरले नऊ तास.

“म्हणजे परवा रात्री बदलायचा,” तो म्हणतो. “पेटीत दोन आहेत. मालेला पोचलो की अजून मागवायला सांगतो.”