पाव इंच बर्फाची वाट

हिवाळी ढगांतून उतरणाऱ्या बऱ्याच छोट्या विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात. वैमानिक त्यांना ‘बूट’ म्हणतात. आत हवा सोडली की ते फुगतात, साचलेला बर्फ तडकतो आणि वाऱ्याबरोबर उडून जातो. 1930 च्या दशकातली ही सोय. तिच्यासोबत एक समजूतही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली: बूट लवकर फुगवू नका, नाहीतर फुगलेल्या रबरावर बर्फाचे कवच धरते आणि मग ते फुटता फुटत नाही. पाव ते अर्धा इंच थर साचू द्या, मगच फुगवा. बूट सावकाश फुगायचे त्या काळातली ही भीती. नवे बूट झटक्यात फुगू लागले, शिकवण मात्र तीच राहिली.

9 जानेवारी 1997 रोजी सिनसिनाटीहून डेट्रॉइटला निघालेले कॉमएअर कंपनीचे ब्राझिलिया विमान उतरण्यासाठी वेग कमी करत असताना मिशिगनमधल्या मन्रोजवळ कोसळले. आतले सर्व 29 जण गेले. पंखांवरचा बर्फ सँडपेपरसारखा पातळ आणि खरखरीत असावा, कदाचित कॉकपिटमधून दिसणारही नाही असा, हे तपासात पुढे आले. एवढ्याशा थरानेही पंखांची उचल घटते, आणि ऑटोपायलट चालू असला की बिघडत चाललेला तोल वैमानिकाच्या हाताला कळत नाही. मला सगळ्यात जास्त सलते ते वेगळेच. बर्फ दिसताक्षणी बूट चालू करा, अशी सुधारित सूचना हे विमान बनवणाऱ्या एम्ब्रेअरने 1996 मध्येच काढली होती. कॉमएअरच्या वैमानिकांच्या पुस्तिकेत ती उतरलीच नव्हती.

अपघाताच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नासा आणि अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए यांनी क्लीव्हलँडला तज्ज्ञांची बैठक घेतली. नव्या बुटांवर असे कवच धरल्याचा पुरावा कुणालाच देता आला नाही. 1998 च्या अहवालात अपघाताचा तपास करणाऱ्या अमेरिकी मंडळाने बूट वेळीच चालू करण्याची स्पष्ट शिफारस केली.

तरीही 16 फेब्रुवारी 2005 रोजी कोलोरॅडोतल्या प्वेब्लोला इंधनासाठी उतरणारे खासगी सायटेशन जेट धावपट्टीआधीच पडले, आठ जण दगावले. वेगावर लक्ष राहिले नव्हते आणि शेवटच्या टप्प्यात बूट फुगवलेले नव्हते. सोबत निघालेले दुसरे सायटेशन तिथेच सुखरूप उतरले. मंडळाने तीच शिफारस पुन्हा केली.

बर्फापासून बचावाची यंत्रणा केव्हा चालू करायची, हे विमान कंपन्यांना बंधनकारक करणारा एफएएचा नियम 2011 मध्ये आला. मन्रोला तोवर चौदा वर्षे होऊन गेली होती, आणि प्वेब्लोला पडले तसली खासगी विमाने त्या नियमातही बसत नव्हती.